कपडा उघडतो कोठे, मिटतो कसा?

शिवणकाम म्हणजे मशीनवर सरळ टीप घालता येणे, असा समज आपल्या समाजात बराच रूढ आहे. आपल्या संस्थेच्या शिवणवर्गात येणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींना महिन्याभरात सरळ टीप जमू लागते. पिशवी, उशीचा अभ्रा, टेबलावरील आच्छादन, इथपर्यंत सारे सुरळीत चालते. पुढे झबले, परकर, ब्लाउज आला की गाडी अडते. अडते ती गळ्याच्या गोलाईपाशी अथवा बाहीपाशी फारशी नव्हे. ती अडते पट्टीपाशी, काजापाशी, हुकापाशी. म्हणजेच जेथे कपडा उघडायचा असतो आणि पुन्हा मिटायचा असतो त्या जागेपाशी. वर्गातील कामाकडे आम्ही काही वर्षे जवळून पाहत आहोत, आणि आमचे मत असे झाले आहे की शिवणाऱ्याची खरी पारख याच जागेवर होते. गिऱ्हाईक आतली शिवण उलगडून पाहत नाही. ते कपडा अंगात घालते, आणि घालताना त्याचा हात प्रथम जातो तो हुकाला किंवा बटणाला. तेथेच ब्लाउज परत येतो आणि तेथेच मजुरी कापली जाते. म्हणून या विषयाचा थोडा मुळापासून विचार करावा, असे योजले आहे.

मुळात कपड्याला उघडी जागा लागतेच कशाला? साडी, लुगडे, धोतर, उपरणे यांना ती लागत नाही, कारण ही वस्त्रे अंगाभोवती गुंडाळायची असतात. शिवलेला कपडा मात्र एक नळी असतो. त्या नळीतून माणसाला आत शिरायचे असते, आणि माणसाचे शरीर सगळीकडे सारख्या घेराचे नसते. डोके मानेपेक्षा मोठे, नितंब कमरेपेक्षा मोठे, पंजा मनगटापेक्षा मोठा, टाच घोट्यापेक्षा मोठी. कपडा बसायचा असतो अरुंद जागी, पण तेथे पोहोचण्याआधी त्याला रुंद जागा ओलांडावी लागते. या दोन मापांतील फरक जेथे भरून काढावयाचा, तेथे चीर द्यावयाची. सगळी पट्ट्या-बटणांची विद्या या एका वजाबाकीतून निघालेली आहे.

उदाहरण घेऊ. एक वर्षाच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण १८ इंच असतो. त्याच्या फ्रॉकचा किंवा झबल्याचा गळा आपण ११ इंचांचा कापला तर तो डोक्यावरून जाणार नाही, हे उघड आहे. आता मागे ४ इंचांची चीर दिली. चिरीच्या दोन्ही कडा मोकळ्या होतात, म्हणून गळ्याचा घेर चिरीच्या लांबीच्या दुपटीपर्यंत वाढू शकतो. ११ अधिक ८ म्हणजे १९ इंच. डोके गेले! चीर ३ इंचच ठेवली असती तर घेर १७ झाला असता आणि मूल रडले असते. पुष्कळ घरांत लहान मुले कपडे घालताना रडतात, त्याचे कारण मुलाचा हट्ट नसून अपुरी चीर असते, हे मातांनी ध्यानात घ्यावे. हेच गणित परकराला लागू. कमर २८ आणि नितंब ३८ असतील तर मधले १० इंच कोठून तरी आलेच पाहिजेत. ते नेफ्याखालच्या चिरीतून येतात, आणि मग नाडी ओढून आपण ते पुन्हा मिटवतो. ज्यांनी हे एकदा समजून घेतले त्यांना चीर किती इंचांची द्यावी हे पुस्तकात शोधावे लागत नाही.

दोन रीती आहेत. एक म्हणजे चिरीच्या कडा एकमेकींना नुसत्या भिडवणे, आणि दुसरी म्हणजे एक कड दुसरीवर चढवणे. चढवलेली कड अधिक चांगली का, याचे उत्तर आपल्याला एका अनपेक्षित ठिकाणी मिळते, ते म्हणजे विनयपिटकात.

भिक्खूंचे चीवर हे गुंडाळण्याचे वस्त्र. त्याचे तुकडे मगधातील बांधबंदिस्त भातखाचरांप्रमाणे कापून जोडावेत, ही योजना भगवान बुद्धांनी सुचवली आणि आनंदाने ती प्रत्यक्षात आणली, हे आपल्यापैकी अनेकांनी वाचलेले असेल. परंतु चुल्लवग्गात याच चीवराच्या बांधणीसंबंधी जे बारीक नियम आहेत त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कमरपट्टा न बांधता गावात गेलेल्या एका भिक्खूचे अंतरवासक रस्त्यात सुटून पडले, लोकांनी आरडाओरड केली आणि तो भिक्खू ओशाळला. तेव्हापासून कायबन्धनाशिवाय गावात जाऊ नये असा नियम झाला. पुढे भिक्षाटनाच्या वेळी वावटळीने चीवर उडाल्याचा प्रसंग घडला, तेव्हा गण्ठिका व पासक यांची अनुज्ञा मिळाली. गण्ठिका म्हणजे गुंडी आणि पासक म्हणजे ती अडकवण्याचा फास. आजचे बटण आणि लूप, दुसरे काय?

खरी गंमत पुढेच आहे. गुंडी आणि फास चीवरालाच थेट शिवले, तेव्हा त्या जागी कापड विरू लागले. म्हणून खाली एक जास्तीचा तुकडा लावण्याची मुभा देण्यात आली. आज आपण काजाच्या खाली बकरम किंवा दुहेरी कापड घालतो, ते याच कारणासाठी. मग हे दोन्ही तुकडे अगदी कडेला लावले गेले, तर वस्त्राचा कोपरा उघडा पडू लागला. त्यावर नियम झाला की गुंडीचा तुकडा कडेला लावावा, पण फासाचा तुकडा सात किंवा आठ अंगुळे आत सरकवून लावावा. म्हणजे एक कड दुसरीवर सात-आठ अंगुळे चढते आणि वाऱ्याने वस्त्र उघडत नाही. आजही शिवणवर्गात हीच गोष्ट शिकवावी लागते. काही भिक्खू सोन्यारुप्याच्या गुंड्या मिरवू लागले, तेव्हा त्याला मनाई करून हाड, हस्तिदंत, शिंग, वेत, बांबू, लाकूड, लाख, फळाची कवची, तांबे, शंख आणि दोरा यांच्या गुंड्या चालतील असे सांगण्यात आले. यातील दोऱ्याची गुंडी तर आपल्या आज्यांच्या बंडीवर होतीच.

आपल्याकडे बटण सर्वत्र होण्यापूर्वी बंद हाच मुख्य उपाय होता. ‘बाराबंदी’ हे नावच मुळी बारा बंदांवरून पडलेले आहे. बंद सैल-घट्ट करता येतो, तुटला तर घरच्या घरी नवा लावता येतो, अंग भरले किंवा उतरले तरी कपडा चालतो. जुनी खणाची चोळी तर पुढे गाठ मारून घालावयाची. तिला हूक नाही, बटण नाही, काज नाही. बंदांचा तोटा एवढाच की ते वेळ खातात आणि धुण्यात त्यांचा गुंता होतो.

अंगावर शिवलेला कपडा असणे, तो नीट मिटणे, ही केवळ सोयीची बाब नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. दक्षिणेकडील त्रावणकोर संस्थानात चान्नार किंवा नाडार समाजाच्या स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी एकोणिसाव्या शतकात दीर्घकाळ लढावे लागले, मार खावा लागला. शेवटी १८५९ साली संस्थानाने जाहीरनामा काढून त्यांना जाकीट घालण्याची मुभा दिली. पण उच्च जातींच्या स्त्रियांच्या पद्धतीने वस्त्र पांघरण्याची बंदी तेव्हाही ठेवलीच. म्हणजे बंद-बटणाच्या साध्या जाकिटासाठी तेथे सरकारी हुकूम लागला. आपल्याकडे डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांना उद्देशून जे भाषण केले, त्यात लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्याविषयी आणि अस्पृश्यतेची खूण ठरणारे दागिने टाकून देण्याविषयी सांगितले. पोशाख हा जातीचा शिक्का असू नये हा त्यामागचा विचार. त्या भाषणानंतर स्त्रियांनी लुगडे नेसण्याची रीत बदलली, ही आपल्या चळवळीतील सर्वश्रुत गोष्ट आहे. नीटनेटका ब्लाउज शिवणाऱ्या आपल्या मुलींना हा इतिहास ठाऊक असावा, एवढ्याचसाठी हे विषयांतर केले.

आता ब्लाउजाकडे वळू. वर्गात सर्वांत जास्त कपडे याचेच बिघडतात. पुढे उघडणाऱ्या ब्लाउजाला दोन पट्ट्या असतात आणि त्या सारख्या नसतात. स्त्रियांच्या कपड्यात उजवी बाजू डाव्या बाजूवर येते, म्हणून उजवीकडे हूकपट्टी आणि डावीकडे लूपपट्टी. (पुरुषांच्या शर्टात उलट: काज डावीकडे, बटण उजवीकडे. असे का, याच्या पुष्कळ कथा सांगतात. परीक्षेत फक्त बाजू लक्षात ठेवावी.) हूकपट्टी संपूर्ण आत दुमडली जाते, तिचा कोणताही भाग बाहेर दिसत नाही. लूपपट्टी दुहेरी करून तिचा पाऊण इंच भाग बाहेर ठेवतात, तो हूकपट्टीच्या खाली जातो. म्हणूनच हूकपट्टीला साधारण दीड इंच रुंदीचे कापड पुरते, तर लूपपट्टीला अडीच इंचांचे लागते. ही दोन्ही कापडे एकाच रुंदीची कापणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक.

त्याहून महत्त्वाची गोष्ट मध्यरेषेची. अंगाच्या मध्यावरून गळ्यापासून खाली जी रेषा जाते ती दोन्ही पुढांवर खडूने आखावी. हूक लागेल तेव्हा उजवीकडची मध्यरेषा डावीकडच्या मध्यरेषेवर नेमकी आली पाहिजे. लूप याच रेषेवर हवेत. पुष्कळ मुली लूप बाहेर आलेल्या भागाच्या अगदी टोकाला घालतात. मग ब्लाउज छातीत पाऊण इंच सैल होतो, आणि खाली आधाराला कापड न उरल्याने दोन हुकांच्या मध्ये फट पडून अंग दिसते. मास्तर म्हणतात माप चुकले. माप चुकलेले नसते, लूपाची जागा चुकलेली असते. हुकाचे नाक कडेपासून एक सूत आत असावे. बाहेर डोकावले तर पदरात अडकते, फार आत गेले तर पट्टीची कड जीभ काढल्यासारखी पुढे येते.

हूक किती लावावेत असे मुली विचारतात. पाच किंवा सहा, असे सांगण्याची पद्धत आहे. आम्ही म्हणतो, आधी छातीच्या सर्वांत भरल्या रेषेवर एक हूक लावा, कारण ताण तेथे आहे. नंतर एक अगदी वर आणि एक अगदी खाली. मग मधली जागा सव्वा ते दीड इंचाच्या अंतराने भरून काढा. अंतर आधी ठरवून वरून खाली मोजत गेलात तर ताणाची जागा नेमकी दोन हुकांच्या मध्ये येण्याचा संभव असतो. काही जाणत्या शिंपिणी हूक एक सुलट आणि एक उलट लावतात. म्हणजे एक हूक उजवीकडे, पुढचा डावीकडे. अंग हलले तरी सगळे हूक एकदम सुटत नाहीत. काम किचकट आहे, पण शेतात किंवा बांधकामावर वाकून काम करणाऱ्या बाईचा ब्लाउज असेल तर करण्याजोगे आहे.

काजाविषयी थोडे. काजाची लांबी म्हणजे बटणाची रुंदी अधिक बटणाची जाडी. अर्ध्या इंचाचे, म्हणजे चार सुतांचे बटण एक सूत जाड असेल तर काज पाच सुतांचे. हाताने करायचे तर आधी कापून मग बटणहोल टाक्याने कड भरावी. मशीनवर करायचे तर आधी टाके आणि मग मधली चीर कापावी. काज आडवे की उभे, हे ताण पाहून ठरवावे. कॉलरच्या पट्टीवर आणि कफावर ताण आडवा, म्हणून काज आडवे. बटण सरकून काजाच्या टोकाशी बसते व तेथेच राहते. शर्टाच्या पुढच्या अरुंद पट्टीवर काज उभे, नाहीतर पट्टी पुरत नाही. जाड कापडावर बटण घट्ट चिकटवून शिवू नये. खाली आगपेटीची काडी ठेवून सैल टाके घालावेत, काडी काढून त्या दोऱ्यांभोवती दोरा गुंडाळावा. बटणाला मान मिळते आणि वरचे कापड चुरगळत नाही.

परकर, सलवार, मुलींचे फ्रॉक यांना अखंड पट्टीची चीर देतात. चिरीच्या दुप्पट लांबीची एकच पट्टी घेऊन ती एका कडेवरून खाली आणि दुसऱ्या कडेवरून वर अशी फिरवावयाची. ५ इंच चीर तर १० इंच पट्टी आणि वर शिवणीची माया. येथे जोखीम एकाच ठिकाणी आहे, चिरीच्या तळाशी. तेथे मुख्य कापड पट्टीवर जेमतेम दोन-तीन धागे येते. टीप तेथून ढळली की एक तर चुणी पडते किंवा पहिल्याच धुण्यात चीर खाली फाटत जाते. मशीन त्या बिंदूवर थांबवावी, सुई कापडात खाली ठेवावी, दाबपट्टी उचलून कापड वळवावे आणि मग पुढे जावे. शिवण पुरी झाल्यावर आतून तळाशी एक तिरकी टीप दिल्यास पट्टी बाहेर येत नाही.

चेन आणि वेलक्रो या मानाने कालपरवाच्या वस्तू. चेनीची पहिली धडपड अमेरिकेत व्हिटकॉम जडसन यांनी १८९३ मध्ये केली. आज वापरात आहे तिचा पाया गिडियन सुंडबॅक यांनी १९१३ च्या सुमारास घातला. आरंभी ती कपड्यांपेक्षा बुटांना व पिशव्यांनाच अधिक लागे. वेलक्रोची कल्पना स्विस अभियंता जॉर्ज दे मेस्त्राल यांना १९४१ मध्ये रानातून फिरून आल्यावर कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी फळांवरून सुचली. आपल्याकडे आघाडा धोतराला चिकटतो त्याच जातीची ही गोष्ट. टिचबटणाबद्दल एवढेच सांगावयाचे की ताण असलेल्या जागी ते एकटे ठेवू नये.

इथवर आम्ही कपड्याचा विचार केला. त्याहून आधीचा प्रश्न असा की हा कपडा मिटणार कोण? पाठीवर चेन किंवा बटणे असलेला फ्रॉक दिसतो छान. पण आई सकाळी सहालाच कामावर गेलेली असेल तर सात वर्षांच्या मुलीने ती चेन कशी लावावी? शेजारणीकडे जावे की उघड्या पाठीने शाळेत? शाळेचा गणवेश शिवताना पुढे उघडणारा शिवला तर ती मुलगी आपली आपण तयार होते. अंगावर पाजणाऱ्या आईला मागे हूक असलेल्या ब्लाउजाचा जाच होतो, हे सांगायला नको. अर्धांगवायू झालेल्या माणसाला कपडे घालताना आधी अधू हात बाहीत घालतात, काढताना मात्र धडका हात आधी काढतात. हे डोक्यावरून घालावयाच्या सदऱ्यात कठीण आणि पुढून पूर्ण उघडणाऱ्या सदऱ्यात सोपे. शिवणाऱ्याने माप घेताना असे दोन प्रश्न विचारले तर काही बिघडत नाही.

आमच्या वस्तीतील एका वयोवृद्ध उपासिकेची बोटे संधिवाताने वाकलेली आहेत. विहारात वंदनेला येणे त्यांनी सोडले होते. कारण कोणाला कळेना. नंतर समजले की सून कामावर गेल्यावर ब्लाउजाचे हूक लावणारे घरात कोणी नसे, आणि त्यासाठी शेजारी कोणाला हाक मारणे त्यांना लाजिरवाणे वाटे. वर्गातील एका मुलीने त्यांच्या दोन पांढऱ्या ब्लाउजांची पट्टी उसवून आत वेलक्रो लावला आणि वरून बटणे नुसती शोभेला शिवली. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. आता त्या पौर्णिमेला नियमित येतात. या मुलीला त्या दिवशी जे समजले ते प्रमाणपत्राच्या परीक्षेत विचारत नाहीत.

राहता राहिला कमाईचा मुद्दा. मशीनसाठी कर्जाचे अर्ज आमच्या टेबलावरून जातात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत जे अठरा व्यवसाय घेतले आहेत त्यांत शिंपीकामही आहे. मशीन मिळणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही, हे चांगलेच आहे. मात्र अनेक वस्त्यांत मुली अंगाचे काम स्वतः करतात आणि काज-बटण दुसऱ्याकडे देतात. त्यात मजुरीचा वाटा जातो, वेळ जातो, आणि वायदा चुकला की गिऱ्हाईकही जाते. निदान काज आणि हूकपट्टी तरी स्वतःच्या हाताची असावी, असा आमचा वर्गाला आग्रह आहे. त्यासाठी जुन्या सुती साडीचे तुकडे घेऊन रोज दोन काजे आणि एक अखंड पट्टी करावी. कापड चांगले असण्याची गरज नाही, दोरा मात्र पक्का असावा.

कपडा गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी सगळे हूक-बटण दहा वेळा लावून काढावेत, आणि शक्य असल्यास एकाच हाताने. नंतर तो अंगात घालायला सांगून गिऱ्हाइकाला खाली बसायला, हात वर करायला आणि वाकायला सांगावे. पट्टी फाकते का, ते उभ्याने कळत नाही, बसल्यावर कळते. फाकली तर तेथे खडूची खूण करावी आणि त्याच जागी आणखी एक हूक लावून द्यावा. त्याचे वेगळे पैसे मागू नयेत.